चाळीस जीबीचे कीर्तन

लातूरमध्ये गंजगोलाईच्या परिसरात माझे व्हिडिओ एडिटिंगचे काम चालते, आणि लग्नसराई ओसरली की जुन्या कॅसेटवरून डिजिटल प्रती करून देण्याचीच कामे जास्त येतात. औसा तालुक्यातील एका गावाच्या सप्ताह समितीचे एक वयस्कर सदस्य पुतण्यासह आले ते मात्र तयार फाईल घेऊनच. 2007 सालच्या अखंड हरिनाम सप्ताहातील काल्याचे कीर्तन त्यांना यंदा मंदिरातल्या टीव्हीवर लावायचे होते. दोन तासांची ती फाईल 40.5 जीबीची होती. कोणीतरी पैसे घेऊन ती ‘फोर-के’ करून दिली होती. तरीही महाराजांचा चेहरा धड ओळखू येत नव्हता, आणि टीव्ही तर ती फाईल उघडतच नव्हता.

“भाऊ, चाळीस जीबी भरलंय म्हणल्यावर चित्र चांगलंच असायला पाहिजे की,” असे त्या वयस्कर मामांचे म्हणणे होते.

मी फाईलची माहिती उघडून पाहिली. डेटा रेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी माहिती, 45 मेगाबिट होता. दोन तासांचे 7200 सेकंद. 45 ला 7200 ने गुणून आठाने भागले, कारण आठ बिटचा एक बाइट, की बरोबर 40.5 जीबी येतात. म्हणजे हा आकार कीर्तनाने ठरवलेला नव्हता. रेंडर करताना, म्हणजे नवी फाईल तयार करताना, कोणी तरी 45 हा आकडा टाकला होता, एवढेच त्यातून सिद्ध होत होते. चित्र कुठून आले हा प्रश्न वेगळा. पुतण्याला विचारले तेव्हा कळले की त्या वेळी गावात वाटलेल्या दोन व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओच्या जुन्या सीडी, त्याने कन्व्हर्ट करायला दिल्या होत्या.

व्हीसीडीचे चित्र आपल्याकडे 352 बाय 288 पिक्सेलचे असते, आणि चित्राचा डेटा रेट सेकंदाला 1.15 मेगाबिट. आवाज धरूनही दोन तासांचे सव्वा जीबीच्या आसपास होतात. फोर-केचे चित्र 3840 बाय 2160 चे, म्हणजे व्हीसीडीच्या सुमारे 82 पट पिक्सेल. पडद्यावरच्या दर 82 ठिपक्यांमागे एकच खरा होता. बाकीचे 81 संगणकाने शेजारच्यांकडे पाहून भरले होते. कमी डेटामुळे मंडपाच्या काळोख्या भागात चित्राच्या पडलेल्या ठोकळेबाज चौकटीसुद्धा त्याने इमानाने मोठ्या करून ठेवल्या होत्या.

मूळ चित्रण कशावर झाले होते, हे विचारल्यावर मामांनी बोटाएवढ्या कॅसेटची खूण केली. त्या मिनी डीव्ही कॅसेट समितीच्या पेटीतच होत्या. पुतण्या मोटारसायकलवर गेला आणि दुपारपर्यंत घेऊन आला.

मिनी डीव्हीवर माहिती मुळातच डिजिटल असते, त्यामुळे फायरवायर नावाच्या केबलने ती संगणकात घेताना कन्व्हर्ट करावी लागत नाही, जशीच्या तशी उतरते. फक्त तासाच्या कॅसेटला तासभर बसावे लागते. चित्र 720 बाय 576 चे, व्हीसीडीच्या चौपट. एकट्या चित्राचा डेटा रेट 25 मेगाबिट. आवाज आणि इतर माहितीसह तासाला सुमारे 13 जीबी. दोन कॅसेटचे 26 जीबी झाले. महाराजांच्या कपाळावरचा बुक्का दिसला तसे मामा खुर्चीतून पुढे सरकले.

त्यानंतर त्यांनी जे विचारले, ते अनेक शिकलेले ग्राहकही विचारत नाहीत. टीव्हीसाठी मी एच.264 या व्हिडिओ लहान करण्याच्या पद्धतीत प्रत करणार होतो. मंदिराच्या टीव्हीला फॅट32 या फाईल साठवण्याच्या जुन्या पद्धतीचाच पेनड्राइव्ह चालत असे, आणि त्यात 4 जीबीहून मोठी एक फाईल बसत नाही. म्हणून चित्राला सरासरी 4 मेगाबिट आणि आवाजाला 192 किलोबिट धरले; दोन्ही मिळून 3.77 जीबी. मामा म्हणाले, “मग बावीस जीबी कीर्तन कुठं गेलं?”

डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते. महाराज वीणेकऱ्याकडे वळून क्षणभर थांबले, मागचा पडदा हललासुद्धा नाही, तरी तोच पडदा सेकंदाला पंचवीस वेळा नव्याने लिहिला जातो. एच.264 मध्ये बहुतेक फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदलले तेवढेच लिहितात, त्यामुळे निरूपणाला थोड्यातही भागते. हंडी फुटून लाह्या उधळल्या जातात तेव्हा मात्र सगळाच पडदा बदलत असतो. म्हणून मी दोनदा तपासून रेंडर करण्याची पद्धत वापरली, ज्यात पहिल्या फेरीत अवघड जागा शोधल्या जातात आणि दुसऱ्या फेरीत निरूपणातला वाचलेला डेटा काल्याला दिला जातो. सरासरी चारच राहते, पण लाह्यांच्या चौकटी होत नाहीत. काही तपशील यातही जातो, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. त्यासाठीच 26 जीबीची मूळ प्रत हार्ड डिस्कवर ठेवायची.

आवाज 192 च्या खाली न्यायला मी तयार नव्हतो. नुसत्या बोलण्याला निम्म्यातही चालते, परंतु वीस-पंचवीस टाळ एकदम वाजू लागले की कमी डेटा रेटमध्ये सर्वांत आधी तेच फसफसतात. वारकऱ्यांच्या चित्रणात काटकसर करायची झाली तर ती चित्रात करावी, असे माझे मत आहे.

संध्याकाळी निघताना पुतण्याने सांगितले की पेटीत आणखी वीस-एक कॅसेट आहेत. हार्ड डिस्क केवढी घ्यावी, हे मी सांगण्याआधी त्याने मोबाईलवर तेराला वीसने गुणले आणि पाचशे जीबीची पुरेल का, असे विचारले. मी म्हटले, पुरेल. पण दोन घ्या आणि एक गावाबाहेर कोणाकडे तरी ठेवा.