डोळ्यात वाढलेलं मांस आणि बांधावरचा गॉगल

जमीन मोजणीचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. रब्बीची काढणी झाली, रान मोकळं झालं की दोन्हीकडचे खातेदार, पंच, मदतनीस आणि मी असे सगळे बांधावर. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये सावली म्हणजे एखादी बाभळ नाहीतर लिंब, आणि तीही नेमकी हद्दीपासून लांब. काही वर्षं हे केल्यावर माझे डोळे बारमाही लाल दिसायला लागले. भाऊबंदकीच्या वादात ज्याच्या विरोधात माप जातं तो काहीही बोलतो. माझ्या बाबतीत त्याला आयतंच सापडायचं. "साहेब, सकाळीच घेऊन आलात की काय?" असं एकाने पंचांसमोर विचारलं होतं, आणि बाकीचे हसून गप्प बसले होते.

लाली होतीच, पण त्यासोबत उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक गुलाबी, तिकोनी पडदा बुबुळाकडे सरकत होता. गावात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं: "डोळ्यात मांस वाढतंय." एका म्हातारीने मध घालायला सांगितलं, एकाने गुलाबपाणी. औषधाच्या दुकानात लाली घालवणारे थेंब मिळतात. दोन-तीन तास डोळा पांढरा होतो आणि मग आधीपेक्षा जास्त लाल. काही दुकानदार न विचारता स्टिरॉइडचे थेंबही काढून देतात. ते तर अजिबात घेऊ नयेत. लाली जाते, पण डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी यंत्रावर हनुवटी टेकायला लावून एका मिनिटात सांगितलं, टेरिजियम आहे. कर्करोग नाही, मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो, हे वरच्या कातडीचं. डाव्या डोळ्यातही सुरुवात होती, पण तिथे ते बुबुळाच्या काठावरच थांबलं होतं. उजव्यातल्या मांसाने मात्र बुबुळाचा गोलावा बिघडवला होता, म्हणून सिलिंडरचा नंबर वाढत चालला होता आणि चष्मा बदलूनही अक्षरं तिरपी फाटल्यासारखी दिसत होती. उजव्याचं ऑपरेशन करायचं आणि डावा सांभाळायचा, असं ठरलं.

मी विचारलं, नाकाच्याच बाजूला का? मॅडमनी खोलीतला दिवा बंद केला, माझ्या कानशिलाकडून छोटी बॅटरी आडवी मारली आणि बायकोला जवळ बोलावून नाकाकडचा काठ बघायला सांगितला. उजेड पडत होता कानाकडून, पण बुबुळाचा नाकाकडचा काठ चमकत होता. भिंगाने ऊन एका ठिकाणी आणून कागद जाळतात तसंच हे: बाजूने आलेला प्रकाश बुबुळाच्या घुमटातून वाकून बरोबर पलीकडच्या काठावर गोळा होतो. उलट बाजूने तसं होत नाही, कारण नाक आड येतं. त्या काठावरच बुबुळाची कातडी नव्याने तयार करणाऱ्या पेशी असतात, आणि अतिनील किरणांचा मार वर्षानुवर्षं त्यांच्यावर बसतो. धूळ आणि कोरडा वारा त्यात भर घालतात, पण मुख्य कारण ऊन.

हे कळल्यावर माझ्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आम्ही सगळे बाराचं ऊन टाळायचा आटापिटा करतो, आणि अंगाच्या कातडीसाठी ते बरोबरच आहे. पण मेच्या मध्यात आमच्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा भुवई आणि पापणी डोळ्यावर आपोआप छत धरतात. डोळ्याला जास्त मार बसतो तो सकाळी नऊच्या आसपास आणि दुपारी उन्हं कलायला लागल्यावर, कारण तेव्हा सूर्य समोरून आणि बाजूने येतो. म्हणजे आम्ही "जरा गार आहे तोवर उरकू" म्हणून निवडलेली वेळच डोळ्यांना सगळ्यात वाईट. त्यातून आधी आमचं काम प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या नकाशा काढायच्या फळीवर चालायचं, समोर पांढराशुभ्र कागद आणि त्यावर वाकून रेघा मारणं. कागद खालून उजेड फेकतो तो वेगळाच.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तोंडावर कापड टाकतात, त्याला एका डोळ्यापुरतं भोक. सुईची भीती वाटली, ती टोचेपर्यंतच. नंतर कुणीतरी डोळा ओढतंय एवढंच कळतं. समजून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मांस नुसतं खरवडून मोकळी जागा तशीच सोडली तर ते पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. म्हणून वरच्या पापणीखालच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा काढून त्या जागी लावतात. माझा पापुद्रा टाके न घालता औषधी गोंदाने चिकटवला. टाके घातले तर नंतरचे काही दिवस खुपतात म्हणे. मला तरीही पट्टी काढल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटत होतं आणि पाणी थांबत नव्हतं. थेंब आधी दिवसातून बऱ्याचदा, मग हळूहळू कमी करत काही आठवडे. हेही स्टिरॉइडच, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मधूनमधून दाब मोजत. डोक्यावरून आंघोळ, धूळ, चुलीचा धूर हे सगळं बंद.

खरी खटपट गॉगलची झाली. मॅडमनी सांगितलं होतं की पुन्हा वाढायचं असेल तर ते बहुतेक पहिल्या वर्षभरातच वाढतं, तेव्हा गॉगलशिवाय रानात पाऊल नाही. दुकानात गेलो तर विक्रेत्याने जांभळ्या लेझरचा पेन काढला, काचेवर मारून "बघा, अडलं" असं दाखवलं. तो खेळ मोबाईलच्या निळ्या उजेडाच्या काचा खपवण्यासाठी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मला हवं होतं ते यूव्ही ४००, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे किरण अडवणारी काच. काचेच्या काळेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. पॉलिकार्बोनेटची पांढरी स्वच्छ काचसुद्धा हे किरण अडवते. उलट नुसती गडद आणि संरक्षण नसलेली काच घातली तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आणखी आत जातात. रस्त्याकडेला टांगलेले गॉगल मी याच कारणासाठी घेत नाही. त्यातले काही चांगले असतीलही, पण कुठले ते बघून कळत नाही.

पोलराइज्ड काच मला फार आवडली होती. डांबरी रस्त्यावरची, पाण्यावरची चकाकी एकदम नाहीशी होते. पण रोव्हरच्या, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा टिपणाऱ्या आमच्या यंत्राच्या पडद्याकडे बघितलं तर तो एका कोनात काळाठिक्कर. मोजणीवाल्याने असला गॉगल घेतला की दर बिंदूला मान वाकडी करावी लागणार. शेवटी साधी करडी, पोलराइज्ड नसलेली, कानशिलापर्यंत वळलेली फ्रेम घेतली, जी नंबरच्या चष्म्यावरूनही बसते. वळण महत्त्वाचं, कारण बॅटरीचा तो प्रयोग. चपट्या काचेच्या झोकदार गॉगलमध्ये समोरचं ऊन अडतं आणि बाजूचं थेट काठावर जाऊन बसतं. टोटल स्टेशनच्या, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या दुर्बिणीतून बघताना गॉगल काढावा लागतो, तेवढा चालतो. बाकी दुर्बीण सूर्याच्या दिशेने फिल्टरशिवाय वळवायची नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशीच सांगतात.

टोपीची गंमत वेगळी. आमच्याकडे प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी असतं, पण पांढऱ्या टोपीला कड नाही आणि उपरणं कपाळावरच संपतं, त्यामुळे डोळ्यावर सावली पडतच नाही. मी चारी बाजूंनी रुंद कडेची कापडी हॅट घातली तेव्हा "मोजणीला आलाय की शूटिंगला?" हे ऐकून घ्यावं लागलं. गावाकडे काळा चष्मा दोघांनीच घालायचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याने आणि नवरदेवाने. माझा तरुण मदतनीस याच लाजेने गॉगल खिशातच ठेवायचा. मग मी त्याचा मोबाईलवर डोळ्याचा फोटो काढून मोठा करून दाखवला. त्याच्याही नाकाकडे पिवळसर उंचवटा यायला लागला आहे. आता घालतो, पण गावातल्या पोरी दिसल्या की काढतो.

ढगाळ दिवशी गॉगल लागतो का, हे मला सगळे विचारतात. लागतो. पातळ ढगातून हे किरण बऱ्यापैकी खाली येतात, फक्त चटका बसत नाही म्हणून आपल्याला ते नाहीत असं वाटतं.

परवाच्या तपासणीत उजवा डोळा स्वच्छ निघाला, डाव्यातलं मांस होतं तिथेच आहे आणि सिलिंडरचा नंबरही उतरलाय. कुणाचं असलं ऑपरेशन ठरत असेल तर आधी विचारून घ्या, मोकळ्या जागेवर पापुद्रा लावणार का, आणि गोंदाने की टाक्याने. आणि शक्य असेल तर ते पावसाळ्यात उरकून घ्या. रानातली मोजणी तेव्हा तशीही मंदावलेली असते, धूळ बसलेली असते, आणि थेंब टाकायला घरी माणूस असतो.