पालखीसोबत पॉकेट सिनेमा कॅमेरा: पुणे ते चांदोबाचा लिंब

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून हलते तिथपासून लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब इथल्या पहिल्या उभ्या रिंगणापर्यंत ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के सोबत ठेवला, तर त्याचं बरंवाईट सगळं उघड होतं. दिवे घाटात घटकेत ऊन, घटकेत ढग. सासवडला रात्रीची समाजआरती, जेजुरीत भंडारा आणि शेवटी अश्वांची धाव. पुढच्या आषाढात हा किंवा असाच छोटा सिनेमा कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी ही टिपणं.

पहिल्यांदा हातात घेताच कळतं की हा पळापळीचा कॅमेरा नव्हे. वजन पाऊण किलोच्या आत आहे, पण बॉडी रुंद आणि पाच इंची स्क्रीन मागे घट्ट बसवलेली. ती वळत नाही, त्यामुळे डोक्यावर उचलून धरलं की काय टिपतोय ते दिसत नाही. बॉडीत थरथर कमी करणारं स्टॅबिलायझेशन नाही, उजेड कापणारा एनडी फिल्टर नाही. ऑटोफोकस बटण दाबल्यावर एकदाच लागतो, माणसामागे फिरत नाही. पावसापासून कसलंही संरक्षण नाही. या बदल्यात मिळतात १३ स्टॉपची डायनॅमिक रेंज (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) आणि रॉ (कमी प्रक्रिया केलेलं) चित्रण, म्हणजे पांढरा सदरा आणि छत्रीखालचा सावळा चेहरा एका फ्रेममध्ये सांभाळता येतात. वारीत तेच तर लागतं. म्हणून आमचं मत असं की दिंडीबरोबर चालत चित्रण करायच्या फंदात पडू नये. जागा धरून उभं राहावं, दिंडी आपल्याकडे येऊ द्यावी.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब. त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो आणि बोपदेव घाटाकडे वळवलेली वाहतूक संध्याकाळी तुंबते. पालखीचा पुण्यात मुक्काम असतानाच गाडी सासवडला लावून ठेवावी, बसने परत यावं आणि त्या सकाळी लवकर वडकी गाठावी. घाट तिथून साधारण ४ किलोमीटरचा. वर झेंडेवाडीपर्यंत चालायची तयारी हवी. जुने फोटो पाहून वळणावरची जागा ठरवू नका, रस्तारुंदीच्या कामाने कडा बदलत राहतात. पोलीस दुपारनंतर उतारावर चढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, ओल्या मुरमावर पाय सटकला तर खाली माणसंच माणसं असतात. मध्यान्हाच्या आत जागा घ्यावी.

घाटात सगळ्यात जास्त डोकं खातं ते एक्स्पोजर. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १८० अंश, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, हे पक्कं ठेवायचं. आयएसओ ४००. इतक्यावर एफ/४ ला उघड्या उन्हात ७ स्टॉपचा एनडी लागतो आणि दाट ढगात ४ ते ५ पुरतो. व्हेरिएबल एनडी २ ते ५ स्टॉपपर्यंत ठीक चालतो, त्याच्या पुढे फिरवला की आभाळात काळसर फुली उमटते. म्हणून ढगासाठी व्हेरिएबल आणि उन्हासाठी वेगळा घट्ट एनडी, अशी जोडी ठेवावी. हा घट्ट एनडी इन्फ्रारेडही अडवणारा असला पाहिजे. या सेन्सरपुढची इन्फ्रारेडची गाळणी फार कडक नाही. साधा ६-७ स्टॉपचा एनडी दिसणारा उजेड कापतो आणि इन्फ्रारेड आत सोडतो. परिणाम दिसतो तो काळ्या छत्रीवर: छत्री चक्क तपकिरी येते. शेजारची काळी घोंगडी काळीच राहते, कारण प्रत्येक कापड इन्फ्रारेड वेगवेगळं परतवतं. त्यामुळे नंतर रंग दुरुस्त करायला गेलं की एक सुधारतं आणि दुसरं बिघडतं. शेकडो छत्र्यांचा घाट असा तपकिरी झाला तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही. आयएसओ १०० वर उतरून एनडी कमी करणं हा मार्ग दिसायला सोपा, पण त्यात वरच्या बाजूची रेंज जाते आणि पांढरी टोपी फुटते.

मोजमाप फॉल्स कलरवर, म्हणजे उजेडाच्या पातळ्या ठरावीक रंगांत दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या सोयीवर करा. स्क्रीन घरच्या खोलीत सुरेख वाटते, घाटातल्या उजेडात मात्र तिच्यावर डोळ्याने अंदाज लावणं म्हणजे फसणं. फॉल्स कलरमध्ये हिरवा म्हणजे मधला करडा, गुलाबी त्याच्या एक स्टॉप वर, लाल म्हणजे तपशील गेला. उन्हात रापलेला चेहरा हिरव्याच्या आसपास किंवा किंचित खाली ठेवावा. सदऱ्यावर लाल ठिपके दिसले तर अर्धा स्टॉप आणखी कमी करा. टाळांच्या चकाकीवर आलेला लाल सोडून द्या, तो जाणारच. ऊन फारच करकरीत असेल तर आयएसओ ८०० करून एनडी एक स्टॉप वाढवता येतो. पांढऱ्याला एक स्टॉप जास्त वाव मिळतो, बदल्यात सावलीत थोडे दाणे येतात.

फोकससाठी रुंद लेन्सवर एक युक्ती कामी येते. १२ मिलिमीटर, एफ/५.६, फोकस ३ मीटरवर ठेवून हात काढून घ्या. साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट मिळतं. ऑलिम्पसच्या १२-४० लेन्सची फोकस रिंग मागे ओढली की अंतराचे आकडे दिसतात, म्हणून ती इथे पॅनासॉनिकच्या १२-३५ पेक्षा सोयीची. पॅनासॉनिकच्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, हातात धरून घ्यायचं असेल तर तिचं पारडं जड. एनडी घेताना लक्षात ठेवा, फिल्टरचा व्यास पॅनासॉनिकला ५८ आणि ऑलिम्पसला ६२ मिलिमीटर. घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. ते दृश्य वरच्या वळणावरून १०० मिलिमीटरच्या आसपास छान दाटून येतं, पण त्या लांबीवर ट्रायपॉडशिवाय काही खरं नाही. गर्दीत तीन पायांच्या ट्रायपॉडपेक्षा खाली छोटे पाय असलेला मोनोपॉड बरा, कोणी अडखळत नाही.

वीज हा कच्चा दुवा. एलपी-ई६ बॅटरी प्रत्यक्षात पाऊण तास जेमतेम देते आणि नकली बॅटरी बरीच टक्केवारी दाखवत असताना अचानक मान टाकते. चालू क्लिप अर्धवट राहण्याचा धोका तिथेच. ९९ वॉट-तासांची छोटी व्ही-माउंट बॅटरी आणि तिच्यापासून कॅमेऱ्याच्या दोन पिनांच्या १२ व्होल्ट सॉकेटपर्यंत जाणारी लॉक होणारी वायर घ्या. चार तासांच्या आसपास निघतात. यूएसबी-सीवरून वीज देता येते, पण चित्रण साठवणारी एसएसडीही त्याच पोर्टवर लागते, म्हणजे दोन्हींपैकी एकच. आतली एलपी-ई६ तरीही भरलेली असू द्या, बाहेरची बदलताना कॅमेरा बंद पडत नाही.

डेटाचा हिशेब आधी करून निघावं. ४०९६ बाय २१६०, सेकंदाला २५ फ्रेम, ब्लॅकमॅजिक रॉ ८:१ ला (फाइल आठपट दाबून) सेकंदाला साधारण ४३ मेगाबाइट, म्हणजे तासाला दीडशे गिगाबाइटच्या वर. १२:१ केलं की शंभराच्या आसपास. वारीसाठी १२:१ पुरेसं आहे, फक्त घाटाचं लांबचं दृश्य आणि रिंगण ८:१ वर घ्यावं. एसएसडीची वायर केजवरच्या (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीवरच्या) क्लॅम्पमध्ये आवळा. गर्दीत कोपराचा एक धक्का आणि वायर सुटली की चित्रण थांबतं, आणि टाळांच्या गजरात ते लक्षातही येत नाही. स्क्रीनवर लाल होणाऱ्या वेळेच्या आकड्यांकडे अधूनमधून बघायची सवय लावा.

आवाजासाठी बॉडीतले माइक फक्त जुळवणीपुरते. मिनी एक्सएलआर या माइकच्या सॉकेटला शॉटगन (एका दिशेचा लांब माइक), ४८ व्होल्ट फँटम (माइकला लागणारी वीज) चालू, वर केसाळ टोपी. अभंग हलक्या चालीवर सुरू होतो आणि ‘ग्यानबा-तुकाराम’ला पोचेपर्यंत टाळ-मृदंग कितीतरी वर गेलेले असतात. सुरुवातीला लेव्हल लावली तर शेवट फाटलाच म्हणून समजा. एका दिंडीचा कळस ऐकून सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलवर बसवा. दुसऱ्या चॅनलला तोच एक्सएलआर देऊन गेन बराच खाली ठेवा, टाळ फाटले तर तो चॅनल कामी येतो. मिनी एक्सएलआरची जोडवायर नाजूक असते आणि वाटेत कुठल्याही दुकानात मिळत नाही. दोन न्या.

सासवडला समाजआरतीच्या वेळी उजेड कमी. इथे आयएसओ १००० वर थांबू नका. १००० पर्यंत कॅमेरा ४०० च्या मूळ पातळीवर चालतो, १२५० पासून ३२०० च्या पातळीवर जातो, त्यामुळे १२५० ला दाणे १००० पेक्षा कमी दिसतात. एफ/२.८ आणि आयएसओ ३२०० ला बहुतेक काम होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० शटरला ट्यूबलाइट लुकलुकत नाही. पण तंबूत जनरेटर असतो, त्याची वारंवारता हलते आणि स्वस्त एलईडी माळा तर आपल्याच तालात नाचतात. दहा सेकंद घेऊन, परत चालवून पाहा. पट्टे दिसले तर माळ फ्रेमबाहेर ठेवणं हाच उपाय. चोपदारांनी दंड उंचावला की सगळा तळ क्षणात शांत होतो. 

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला जातो आणि कॅमेऱ्याला खरा धोका इथे आहे, पावसात नव्हे. पंख्याचे झरोके वर आणि खाली आहेत, पंखा हवा आत ओढतो आणि हवेसोबत हळदीची पूड. गावात शिरण्याआधी लेन्स लावून टाकावी, पुढे बदलायची नाही. लेन्सपुढे साधा काचेचा फिल्टर. कॅमेऱ्यावर पातळ सुती कापड सैल टाकावं, झरोके घट्ट झाकू नयेत, नाहीतर तापतो. पूड बसली तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ओलं फडकं चुकूनही नाही, हळदीचा लगदा होतो, बटणांच्या फटीत वाळतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. याच कारणाने ट्रायपॉडची मोठी प्लेटही टाळा, ती खालचा झरोका दाबते.

पावसासाठी बाजारातलं कव्हर किंवा जाड प्लॅस्टिकची पिशवी, काहीही चालतं, पण खालून मोकळी हवी. बंद पिशवीत पंख्याची गरम हवा कोंडते आणि लेन्सवर वाफ धरते. थंड गाडीतून बाहेर काढलेल्या लेन्सवरही वाफ धरते, गाडीतला एसी बंद ठेवणं हा त्यावरचा फुकटचा उपाय.

वाल्हे ते लोणंद वाटेत नीरेला पादुकांचं स्नान होतं. दत्त घाटावर गर्दी इतकी असते की आत शिरायचा हट्ट धरू नये, पुलाकडून लांब लेन्सने जे मिळेल ते घ्यावं.

चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण. दिंड्या रस्त्यावर दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मधल्या वाटेतून अश्व धावतात, पुढे स्वाराचा आणि मागोमाग माउलींचा, ज्याच्यावर कोणी बसत नाही. काही सेकंदांचा मामला, पुन्हा घेता येत नाही. सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, शटर १८० अंशांवरच. डेटा दुप्पट होतो: ८:१ ला सेकंदाला ८६ मेगाबाइटच्या घरात. सेकंदाला ६० मेगाबाइटची हमी असलेलं एसडी कार्ड इथे फ्रेम सोडू लागतं, एसएसडीच हवी. मेनूमध्ये फ्रेम सुटल्यास ‘चित्रण थांबवा’ निवडलेलं असेल तर ते ‘फक्त इशारा द्या’वर आणा. एखादी फ्रेम गेलेली परवडते, धाव गेलेली नाही. २५ च्या प्रकल्पात ५० ने घेतलेल्या दृश्याचा आवाज जुळत नाही, म्हणून गजर वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या.

घोड्याबरोबर कॅमेरा वेगाने फिरवला तर रोलिंग शटरमुळे (सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो त्यामुळे) झाडं आणि ध्वज तिरके होतात. रांगेच्या शेवटाकडे उभं राहून घोडा आपल्या दिशेने येताना घ्यावा, कॅमेरा जवळजवळ स्थिर राहतो. माणसांचं कडं तोडायचं नाही, अश्वाजवळ छत्री उघडायची नाही, दिवा लावायचा नाही. धाव संपताच टापांखालची माती कपाळी लावायला सगळे मध्ये झेपावतात. त्याआधी मोनोपॉड उचलून मागे व्हायचं. रुंद लेन्स लावलेली असेल तर याच क्षणी सगळ्यात चांगली दृश्यं मिळतात. ड्रोन पोलिसांच्या परवानगीशिवाय अजिबात नको.

मुक्कामी पोचल्यावर आधी कॉपी, मग जेवण. दोन वेगळ्या डिस्कवर, आणि कॉपी झालेल्या क्लिपपैकी दोन-चार शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय एसएसडी फॉरमॅट करू नका. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही ब्लॅकमॅजिक रॉ उघडतं. नवं फर्मवेअर असेल तर क्लिपमध्ये जायरोची (कॅमेऱ्याच्या हालचालीची) नोंद असते आणि त्यावरून हातातलं हलकं थरथरणं काढता येतं. मात्र अशी दृश्यं घेताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद आणि शटर ९० अंशांपर्यंत कमी केलेलं असावं. नाहीतर चित्र स्थिर होतं, पण त्यातला धूसरपणा थरथरत राहतो.