जुन्या बाईकची बॅटरी निवडताना: आधी मीटर, मग दुकान

२००५ सालची दीडशे सीसी बाईक, किक आणि सेल्फ दोन्ही, मूळची १२ व्होल्ट ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) पाण्याची बॅटरी. सेल्फ दाबला की रिलेचा नुसता टक् आवाज, इंडिकेटर मंद, हॉर्न घसा बसल्यासारखा. ठाण्यात अशा गाडीला कुठल्याही दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं, "एमएफ (मेंटेनन्स-फ्री) टाका, पाणी बघायची कटकट नाही." उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. एमएफ टिकेल की चार महिन्यांत फुगेल हे ठरवतो गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, आणि तो काउंटरवरून दिसत नाही.

म्हणून मल्टिमीटर. त्यातला ९ व्होल्टचा सेल आधी बदलला, कारण तो उतरला की स्वस्त मीटर व्होल्टेज वाढवून दाखवतं आणि माणूस चांगल्या रेग्युलेटरला दोष देत बसतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या गाडीचं रीडिंग १२.१. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. कधी १०.५ च्या आसपास आकडा अडकतो. तेव्हा सहापैकी एक सेल गेलेला असतो आणि चार्जरला लावून उपयोग नसतो.

किक मारून चालू केल्यावर आयडलला १३.१, आणि ४,००० आरपीएमला १५.३, तेही चढतं. इथे १३.८ ते १४.४ हवं, म्हणजे चार्जिंग जास्त होतंय. मीटरच्या वायरी प्लगच्या वायरपासून लांब धरा, नाहीतर आकडा नाचतो.

बॅटरीने हेच आधी सांगितलं होतं. डब्याच्या पांढुरक्या भिंतीतून बघितलं तर सहाही सेलचं पाणी खालच्या रेषेच्या खाली. एकाच सेलचं पाणी उतरलं असेल तर तो सेल खराब. सगळ्यांचं सारखं उतरलं असेल आणि भरूनही महिन्याभरात पुन्हा उतरत असेल, तर जास्त चार्जिंगने ते उकळून जातंय.

याच अवस्थेत एमएफ घातली असती तर? एमएफमध्ये अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या पॅडमध्ये शोषलेलं असतं, आत तयार झालेला वायू आतच परत पाणी होतो. १५ च्या वर व्होल्टेज गेलं की वायू त्या वेगाने परतत नाही, व्हॉल्व्ह उघडतो, पाणी कायमचं जातं आणि वरून भरायची सोय नसते. मग डबा कुशीतून फुगतो आणि दुकानदार म्हणतो, वॉरंटीत बसत नाही. त्याचंही बरोबर असतं.

रेग्युलेटरची बॉडी फ्रेमला लागते तिथला गंज पॉलिश पेपरने काढला, कनेक्टर उघडून हिरवट पिना साफ केल्या. आकडा हलला नाही. मग रेग्युलेटर बदलला. पिनांची संख्या सारखी असून चालत नाही, क्रमही जुळावा लागतो, म्हणून जुना सोबत नेऊन वायरींचे रंग ताडून घेतले. नवीनवर ४,००० आरपीएमला १४.२.

करंटची गळतीही तपासली. चावी बंद, मायनस केबल काढून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर सिरीजमध्ये. अर्ध्या मिलीअँपिअरच्या आत आली. या अवस्थेत सेल्फ दाबायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर इथेच पकडला जातो: २० मिलीअँपिअर खाणारा अलार्म दिवसाला जवळपास अर्धा एएच पितो, ९ एएचची बॅटरी दहा दिवसांत निम्मी.

आता प्रकार. पाण्याची बॅटरी सगळ्यांत सोशिक. रेग्युलेटर थोडा इकडेतिकडे असेल आणि मिळतच नसेल, तर मी आजही तीच घालेन आणि दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर बघेन. आरओचं पाणी नाही. रेग्युलेटर ठीक असेल तर एमएफ: अ‍ॅसिड सांडत नाही, उभी राहिली तरी हळू उतरते. जेल बॅटरीला (आत अ‍ॅसिड जेलीसारखं घट्ट केलेलं) जास्त व्होल्टेज एमएफपेक्षाही सोसत नाही, आणि रोजच्या गाडीला त्याचा वेगळा फायदा मला दिसत नाही.

लिथियमचं वजन शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, मोह पडतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल सिरीजमध्ये असतील तर १४.४ पर्यंत चालतं, पण आत बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, हवाच. जास्त व्होल्टेज आलं की तो बॅटरी तोडतो. चालू गाडीत बॅटरी अशी तुटली की रेग्युलेटरच्या पुढचं व्होल्टेज उसळतं आणि टेललॅम्प उडतो, सीडीआयही (प्लगला ठिणगी देणारं युनिट) जाऊ शकतो. खरा धोका मात्र लॅपटॉपच्या सेलपासून जोडलेल्या स्वस्त पॅकचा. तसे तीन सेल १२.६ ला पूर्ण भरतात आणि गाडी त्यांच्यावर १४.२ चढवते. सीटखाली, पेट्रोलच्या टाकीला लागून, असलं काही ठेवू नये.

एमएफ ठरली, तरी माप उरलंच. ट्रे मोजला: लांबी १३५, रुंदी ७५, उंची १३९ मिमी. टीएक्स-९ नावाची साधारण तेवढ्याच एएचची एमएफ असते १५० × ८७ × १०५. एएच जवळपास तेच, खोकं वेगळं. "ट्रे जरा घासून देतो" असं ऐकू आलं तर पुढचं दुकान बघावं. घासलेल्या ट्रेमध्ये बॅटरी हलते, प्लसचा बोल्ट फ्रेमला टेकतो. जुन्या मापाच्या खोक्यात एमएफ मिळते, प्लस-मायनस कुठल्या बाजूला आहे तेवढं बघून घ्यायचं.

काउंटरवर तीन गोष्टी पाहिल्या. डब्यावरचा उत्पादनाचा महिना, माझ्यासमोर मीटरने मोजलेलं व्होल्टेज (१२.८ मिळालं, १२.५ च्या खाली असती तर परत केली असती) आणि वॉरंटी कार्डावर सिरीयल नंबर व शिक्का. जुनी बॅटरी तिथेच दिली, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. भंगारवाल्याकडे अ‍ॅसिड गटारात ओतलं जातं.

कोरडी, अ‍ॅसिड वेगळं मिळणारी बॅटरी घेतली तर लगेच बसवायची नाही. अ‍ॅसिड भरून अर्धा तास ठेवा, मग क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ९ एएचला ०.९ अँपिअरने, निदान तीन ते पाच तास चार्ज करा. ही पायरी गाळली की बॅटरी जन्मापासूनच अर्धपोटी राहते.

काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. उलट केलं आणि पाना फ्रेमला टेकला की ठिणगी. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, तोही बोल्ट आवळल्यावर. पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या पाण्यातून गेल्यावर पांढरी बुरशी याने रोखली जाते.

वापराचंही बघावं लागतं. कापूरबावडीपासून माजिवड्यापर्यंत ब्रेक दाबून सरकताना २१ वॉटचा ब्रेक लाइट एकटाच पावणेदोन अँपिअर घेतो आणि आयडलला चार्जिंग जेमतेम असतं. सिग्नलला गाडी बंद करून सेल्फ मारण्यापेक्षा मी अशा वेळी किक मारतो, आणि रविवारी गायमुखच्या बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मोकळी चालवतो. महिन्यानंतर रात्रभर उभ्या गाडीचं रीडिंग १२.७, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत खाली. साडेनऊच्या खाली गेलं की काळजी.

एक काम राहिलं होतं. पाण्याच्या बॅटरीची ओव्हरफ्लो नळी आता नको होती. ती ओढली तर अर्ध्यातच तुटलेली निघाली, आणि खाली चेनगार्डचा रंग हाताने पोपडे निघतील इतका गेलेला. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ती जागा धुतली, फेस येणं थांबेपर्यंत. मग पॉलिश पेपर आणि प्रायमर.