सेंट ऑल्बन्सची जुनी सिग्नल केबिन: आईसोबतचा एक रविवार

आई तीन महिन्यांसाठी लंडनला आलीये. बघायचं ते सगळं बघून झालं आणि मग एका रविवारी दुपारी तिला लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सला नेलं, तिथे स्टेशनला लागूनच मिडलंड रेल्वे या जुन्या कंपनीची 1892 ची सिग्नल केबिन आहे, म्हणजे जिथून सिग्नल आणि सांधे हलवायचे ती खोली. आईचे वडील, आमचे अप्पा, चाळीसगावला केबिनमन होते, म्हणून मला हे तिला दाखवायचंच होतं.

1980 च्या सुमारास केबिन बंद झाली आणि पुढे वीसेक वर्षं नुसती पडून होती. लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेली वास्तू असल्यामुळे पाडली नाही, पण सांभाळणारंही कोणी नव्हतं. मग गावातल्याच लोकांनी ट्रस्ट काढून ती उभी केली, आजही सगळं व्हॉलंटियरच बघतात. लाकडी जिना चढून वर गेलं की 44 खटक्यांची (लिव्हरची) रांग, लाल सिग्नलचे, काळे सांध्यांचे, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारे, निळे सांध्याच्या कुलपाचे, आणि काचेपलीकडून आजच्या थेम्सलिंकच्या गाड्या धडाधड जातात. खटके आता मेन लाइनला जोडलेले नाहीत, पण इंटरलॉकिंग, म्हणजे खटक्यांची एकमेकांना अडवणारी जोडणी, चालू करून ठेवलंय, सांधा बरोबर लावला नाही तर सिग्नल पडतच नाही. आधी स्वतः ओढून बघा आणि मग व्हॉलंटियरना कारण विचारा, फार मनापासून सांगतात.

एका काकांनी आईला घंटा वाजवायला दिली. चार ठोके म्हणजे पुढच्या केबिनला विचारायचं, एक्सप्रेस आहे, घेता का? पुढच्या केबिनने तेच चार ठोके परत दिले की यंत्रावरचा काटा फिरतो, म्हणजे गाडी पाठवायला हरकत नाही. काटा फिरल्यावर मी समजावायच्या आधीच आई म्हणाली, "लाइन क्लिअर मिळाला." मग तिने खटक्यावरचं फडकं उचललं आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. हाताच्या घामाने पोलाद गंजतं म्हणून खटका फडक्यानेच धरायचा. "अप्पा घरी यायचे ना, तेव्हा त्यांच्या खांद्यावर असंच असायचं रे, आणि आई रोज ते सोड्यात उकळायची."

जाणार असाल तर: केबिन रोज उघडी नसते, साधारण उन्हाळ्यात महिन्यातले ठरावीक रविवार, तेही दुपारीच, त्यामुळे तारीख बघूनच निघा. रविवारी रुळांची कामं निघतात, आम्हाला अर्धा रस्ता बसने जावं लागलं आणि तासभर गेला, एरवी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून फास्ट गाडीने वीसेक मिनिटं. रिजमॉन्ट रोडच्या बाजूने बाहेर पडा. तिकीट नाही, पण डबा ठेवलेला असतो त्यात पैसे टाका, रंग आणि लाकूड त्यातूनच येतं. गुडघे दुखत असतील तर जिना सावकाश चढा, आई दोनदा थांबली. मुलांना नक्की न्या. आणि खटका नुसत्या हाताच्या जोरावर येत नाही, एक पाय घट्ट रोवून अंगाचं वजन मागे टाकायचं, हे मला आईने दाखवलं.