न्यू मेक्सिको, डायनिंग टेबलवरून
आजचा अख्खा रविवार अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात गेला, तोही घरातून न हलता, सहलीचा बेत आखत. नवरा म्हणाला, "चार दिवसांत सगळं बसवू." कसलं बसतंय! राजधानी सांता फे १६१० सालची, ताओस प्युब्लो या मूळ रहिवाशांच्या गावातल्या मातीच्या घरांत तर हजारेक वर्षं वस्ती. मग खाली व्हाइट सँड्स. तिथली वाळू जिप्समची, पांढरीशुभ्र, उन्हातही पाय भाजत नाहीत. पण शेजारी क्षेपणास्त्राची चाचणी असली की रस्ता बंद! वेळापत्रक दोनदा खोडलं.

आईला रस एकातच: त्या राज्याचा अधिकृत प्रश्नच आहे, 'लाल की हिरवी?' म्हणजे मिरची. दोन्ही हवी तर 'ख्रिसमस' म्हणायचं.

"मग आपला ठेचा नेऊया की," म्हणत ती शेंगदाणे सोलायलाच बसली. निघायला अजून तीन आठवडे आहेत.