ध्रुव दिसेना

मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा, फोटो अखेर निघाला. लागल्या चार रात्री, आणि त्यातल्या तीन एकट्या ध्रुवाने खाल्ल्या. तो राग अजून गेलेला नाही.

200 मिमीची लेन्स नुसती ट्रायपॉडवर लावली तर दीड-दोन सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर घेतला. पण आकाश ध्रुवाभोवती फिरतं, म्हणून त्याचा आस आधी ध्रुवाकडे रोखावा लागतो. सगळे व्हिडिओ म्हणतात, दोन मिनिटांचं काम. सांगणारे बसलेत लंडनकडे, तिथे ध्रुव क्षितिजापासून 51 अंशांवर. रत्नागिरीत तो 17 अंशांवर, म्हणजे आमच्या खळ्यातून पाहिलं तर हापूसच्या कलमांच्या आड. पहिली रात्र तिथेच संपली.

दुसऱ्या रात्री सगळं बोचकं घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर. कातळावर झाड नाही, उत्तर मोकळी. पण समुद्राची दमट हवा क्षितिजालगत साचलेली, त्यात कुणीतरी पाला पेटवलेला. शर्मिष्ठा दिसत होती. तिच्यावरून अंदाजाने खाली यावं, तर ध्रुवाच्या जागी नुसतं राखाडी. वाऱ्यामुळे ट्रायपॉड बुटका ठेवला होता, त्यामुळे ट्रॅकरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा तर कातळावर पालथं पडायचं. दीड तास पडून होतो. खालच्या बागेतले काका बॅटरी मारत वर आले.

"डुकरं राखायला बसलायस काय रे?"

"ध्रुव शोधतोय काका."

"तो कुठे जातोय!"

बॅटरी माझ्या तोंडावरच. पुढची वीस मिनिटं मला ध्रुवच काय, कातळही दिसेना.

तिसऱ्या रात्री फोनवर भिस्त ठेवली. उतार मोजणाऱ्या अॅपने आस 17 अंशांवर बसला. होकायंत्राची उत्तर आपल्याकडे खऱ्या उत्तरेपासून अंशभरही ढळत नाही, पण फोन ट्रॅकरच्या मोटरजवळ नेला की सुई भलतीकडेच. मग लांब उभं राहून दिशा घेतली, दगड मांडून ओळ धरली. 30 सेकंदांचे फोटो बरे आले, 60 सेकंदांत तारे अंड्यासारखे.

चौथ्या रात्री ध्रुवाचा नाद सोडला. मृगाच्या बाणातला एक तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर आहे. जानेवारीत दहाच्या सुमारास तो माथ्याच्या दक्षिणेला येतो. कॅमेरा त्याच्यावर लावून मोठं करून बघत बसायचं; आस चुकला असेल तर तारा हळूहळू सरकतो. तारा दक्षिणेकडे सरकला तर आस पूर्वेला कललाय, किंचित पश्चिमेकडे वळवा. उत्तरेकडे सरकला तर उलट. चार-पाच वेळा वळवल्यावर तारा जागचा हलेना. कातळावर एकटाच ओरडलो.

पुढचं सोपं होतं. 60 सेकंदांचे चाळीस फोटो घेतले आणि 5 सेकंदांचे वीस. हे छोटे विसरू नका. मेघाच्या गाभ्यातले चार तारे 60 सेकंदांच्या फोटोत पांढरे फटक होऊन एकमेकांत मिसळतात. ते वेगळे दाखवायचे तर छोट्या फोटोंमधून गाभा घेऊन जोडावा लागतो. गुलाबी रंग फिका आला, कारण साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. असो. हेन्री ड्रेपरने 1880 मध्ये याच मेघाचा फोटो काढला, तेजोमेघाचा तो पहिलाच. फोटोची काचेची प्लेट 50 मिनिटांच्या आसपास उघडी ठेवावी लागली होती. माझी चाळीस मिनिटं भरली. म्हणून जरा छाती फुगवून घेतली.

हो, दंव राहिलंच. अकरा वाजता लेन्स पुसायला कापड घेतलं तर कापडच ओलं. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सला सुरुवातीपासून गुंडाळा, दंव बसल्यावर नव्हे. पश्चिमेला ट्रॉलरचे दिवे असतात, तेव्हा मृग समुद्रावर उतरण्याआधीच उरकायचं. आणि अमावास्येच्या आसपासच जा.

ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी कातळावर चुन्याने खुणा करून आलोय. काकांना सांगून ठेवलंय, पुसू नका म्हणून.