शून्य निकाल आणि लाल विंचू

प्रबंधाचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, जमा करायला आठवडा उरला की पहिल्या वर्षाचे रेसिडेंट डॉक्टर आमच्या ग्रंथालयाकडे वळतात. त्या दिवशी बावीस जण होते, हातात तीन तास होते आणि विषय पबमेडचा, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या नोंदी शोधायच्या ऑनलाइन डेटाबेसचा. सुरुवातीलाच मेडिसिनच्या एका डॉक्टरने आपला मसुदा दाखवला. विंचूदंशात प्राझोसिन या औषधाचा उपयोग, असा विषय. त्यात एक ओळ होती : 'कोकणातील रुग्णांवर असा अभ्यास झालेला आढळला नाही.'

कोकणातल्याच कॉलेजात बसून ही ओळ वाचणं जड गेलं. कोकणातल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम जगभर वाचलं जातं. पण तिने खोटं लिहिलं नव्हतं. "मॅडम, खरंच शून्य आले," ती म्हणाली. ठरवलेला धडा बाजूला ठेवून तोच शोध पडद्यावर घेतला.

तिने अख्खा विषयच इंग्रजीत टाकला होता : ग्रामीण कोकणातल्या प्रौढ रुग्णांत मेसोबुथस टॅम्युलस विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची परिणामकारकता. पबमेड असं वाक्य समजून घेत नाही. फुटकळ शब्द गाळून उरलेल्यांच्या मध्ये 'अँड' घालतं. ग्रामीण, कोकण, प्रौढ, परिणामकारकता हे सगळे शब्द एकाच नोंदीत सापडले तरच ती पुढे येणार. शिवाय ते शोधतं शीर्षक, सारांश, विषयशब्द अशा नोंदीतल्या मजकुरात, संपूर्ण लेखात नाही. अ‍ॅडव्हान्स्ड पानावर शोधाच्या इतिहासात डिटेल्सचा बाण उघडला की आपल्या शब्दांचं पबमेडने काय केलं ते दिसतं. मुलं हा बाण कधीच उघडत नाहीत, आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मग कागदावर दोनच रकाने आखायला सांगितले : आजार आणि औषध. परिणाम, वय, ठिकाण सध्या बाहेर. सारांशात प्रत्येक परिणामाचा उल्लेख असेलच असं नाही, म्हणून तो शब्द सक्तीचा केला की चांगले लेख गळतात.

खरी मेहनत पहिल्या रकान्यात. या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव जुन्या लेखांत ब्युथस टॅम्युलस, पुढे मेसोबुथस टॅम्युलस आणि आता हॉटेन्टोटा टॅम्युलस. एकच नाव टाकलं तर काही दशकांचं वाङ्मय बाहेर राहतं. त्यात दंशाला कोणी स्टिंग लिहितं, कोणी एन्व्हेनोमेशन, कोणी एन्व्हेनोमिंग. यावरचा उपाय म्हणजे मेश, पबमेडची प्रमाण विषयशब्दांची यादी. तिथे 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' हा शब्द मिळाला. प्रतिविषाला आपण अँटीव्हेनम म्हणतो, मेशमध्ये ते 'अँटीव्हेनिन्स' आहे. पण फक्त मेशवर विसंबू नये. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना मेश शब्द लावलेले नसतात. म्हणून मेश शब्द आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्द 'ऑर'ने जोडायचे, प्रत्येक रकान्याला स्वतंत्र कंस द्यायचा, आणि मग दोन कंसांमध्ये 'अँड'. हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांतच हवेत. कंस विसरला तर पबमेड डावीकडून उजवीकडे जोडत जातं आणि भलतेच निकाल देतं.

आता निकाल आले. वर्गात कुजबुज सुरू झाली, पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातलं 1986 चं पत्र यादीत नव्हतं. प्राझोसिनबद्दलचं बावस्कर दांपत्याचं तेच तर महत्त्वाचं. शोधाचं वाक्य बरोबर होतं. मग डावीकडची पट्टी पाहिली. सवयीने 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' आणि 'फ्री फुल टेक्स्ट' या दोन चौकटींवर खूण केलेली होती. जुन्या पत्रांना सारांश नसतो, त्यामुळे पहिली चौकट त्यांना सरळ बाद करते. दुसरी चौकट फुकट मिळणारे लेख दाखवते, महत्त्वाचे नव्हे. या दोन खुणांनी किती प्रबंधांचं वाङ्मय अर्धवट ठेवलं असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटतं. खुणा काढल्या, पत्र समोर आलं. त्याच्या शीर्षकात विंचवाचं शास्त्रीय नावच नाही, 'स्कॉर्पियन स्टिंग' एवढंच आहे. नुसत्या टॅम्युलसवर ते कधीच मिळालं नसतं.

'कोकण' या शब्दाचं मग काय करायचं? ठिकाण शोधायचं तर 'महाड' टाकून त्याला लेखकाच्या संस्थेचा टॅग लावायचा. मात्र 1988 पूर्वीच्या नोंदींत ही माहिती सहसा नसते. बीएमजे या नियतकालिकातली 2011 ची चाचणी तिने उघडली : 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. तिच्याखालचे 'सिमिलर आर्टिकल्स' (मिळतेजुळते लेख) आणि 'सायटेड बाय' (तिचा संदर्भ देणारे लेख) पाहताना आणखी लेख हाती लागले.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, एवढं कशाला? गाइड तर दहा संदर्भ मागतात." तेव्हा जॉन्स हॉपकिन्समधली 2001 ची घटना सांगितली. दम्यावरच्या संशोधनात एका 24 वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम श्वासावाटे दिलं गेलं आणि फुप्फुसं निकामी होऊन ती गेली. त्या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेच्या नोंदी 1950 च्या दशकातल्या लेखांत होत्या. संशोधकाने पबमेड पाहिलं होतं, पण त्या वेळी ते 1966 च्या मागे जात नव्हतं. प्रश्न विचारणारा पुढच्या बाकावर येऊन बसला.

शेवटचा अर्धा तास नोंदी लिहिण्यात गेला : कोणता डेटाबेस, कोणती तारीख, शोधाचं वाक्य जसंच्या तसं, किती निकाल. विंचूदंशवाल्या डॉक्टरने 'अभ्यास आढळला नाही' ही ओळ खोडली आणि गाइडना फोन केला. चर्चा प्राझोसिन चालतं की नाही यावरून दंशापासून पहिल्या डोसपर्यंत किती वेळ जातो, याकडे वळली. फोन ठेवून तिने कागदावर तिसरा रकाना आखला आणि 'वेळ' या शब्दाचे पर्याय लिहायला घेतले.